गादीच्या खोळीची ऐसपैस पिशवी

जुन्या कापडातून खांद्याला अडकवायची मोठी पिशवी शिवायची ठरली, की बहुतेकजणी सुरुवात रंगापासून करतात. कपाटातले सर्वांत देखणे जुने कापड, म्हणजे बहुधा एखादे इरकली लुगडे किंवा रेशमी काठांची साडी, बाहेर निघते आणि मग तिला शोभेल असे अस्तर शोधले जाते. माझे मत याच्या उलट आहे. ज्या पिशवीतून रोज पाच-सहा किलो ओझे न्यायचे, तिच्या बाबतीत पहिला विचार ताकदीचा करावा आणि देखणेपणाला त्यानंतर जागा शोधावी. घरातले प्रत्येक जुने कापड कुठेतरी विरलेले आणि कुठेतरी अजून धडधाकट असते. ती धडधाकट जागा हेरणे हेच या कामातले निम्म्याहून अधिक कसब आहे.

या कसोटीवर माझ्या लेखी सर्वांत वर बसते ती गादीची खोळ. आमच्या बेळगाव-शहापूर भागातल्या जुन्या घरांत कापसाच्या गाद्या अजूनही वापरात आहेत. काही वर्षांनी आतला कापूस दबून त्याच्या गाठी होतात, तेव्हा तो पिंजून घेऊन गादी नव्याने भरली जाते आणि त्या वेळी खोळही पुष्कळदा नवी घालतात. जुन्या खोळीची मग पायपुसणी होतात किंवा ती स्कूटर पुसायला जाते. आमच्या सासूबाई मात्र अशी खोळ कुणाला सहज देत नसत. "टाकू नगं गं, अजून जीव हाय तिच्यात," असे म्हणून ती धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवत. त्यांचे म्हणणे कापडाच्या विणीकडे पाहिले तरी पटते. कापसाचे तंतू बाहेर येऊ नयेत म्हणून हे कापड मुद्दाम दाट विणलेले असते, आणि वरून सदैव चादर असल्यामुळे त्याला ना थेट घर्षण होते, ना ऊन लागते. शिवाय त्यावरचे उभे पट्टे कापडाच्या उभ्या धाग्याबरोबरच जातात, त्यामुळे खडूने रेघ न ओढताही कात्री सरळ चालते.

खोळ वापरण्यापूर्वी ती उलटी करून जोरात झटकावी आणि रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घालावी, नाही तर शिवणांच्या कोपऱ्यांत अडकलेला कापूस पुढे मशीनच्या शटलमध्ये जाऊन बसतो. गादीला ठिकठिकाणी जे जाड दोऱ्याचे टाके घातलेले असतात, त्यांची भोके राहतात. धुतल्यावर आजूबाजूचे धागे सरकून लहान भोके बरीचशी बुजतात. जी बुजत नाहीत ती खांद्याच्या पट्ट्याखाली किंवा खिशाखाली जातील अशा बेताने कापड मांडावे. घामाचे पिवळे डाग पूर्ण जात नाहीत. तेवढा भाग आतल्या थरासाठी वापरावा.

खोळ नसेल तर इतर कापडे आहेतच, पण प्रत्येकाची झिजण्याची तऱ्हा निराळी असते. पलंगपोस मधोमध विरतो आणि त्याचा गादीखाली खोचलेला कडेचा भाग जवळजवळ नव्यासारखा राहतो. पडद्याचे नेमके उलटे आहे. तो घासला जात नाही, म्हणून दिसायला धड वाटतो, पण पश्चिमेच्या खिडकीवर वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या पडद्याचे सूत आतून ठिसूळ झालेले असते. अशा पडद्याच्या खालच्या दुमडीचे आणि कडेच्या शिवणीचे कापड तेवढे टिकलेले सापडते. जीनच्या पँटचे गुडघे व बैठक सोडून द्यावी आणि पोटरीच्या मागचा भाग घ्यावा. सतरंजी तळासाठी उत्तम, परंतु घरगुती मशीनवर तिचे दोन थर एकत्र शिवण्याचा हट्ट करू नये. सोलापुरी चादर उबदार, जाड आणि मोहात पाडणारी असते खरी, पण कापल्याबरोबर तिच्या कडा सुटू लागतात. ती वापरायचीच असेल तर कापण्याआधी रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशीनची एकेक शिवण मारून घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. कापड खिडकीसमोर धरले की विरलेली जागा उजेडात लगेच दिसते. त्यानंतर दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने एक झटका द्यावा. धागे तुटल्याचा बारीक आवाज आला, तर ते कापड कितीही सुंदर असले तरी ओझ्याच्या जागी लावू नये. अनेकदा एका दिशेने कापड टिकते आणि दुसऱ्या दिशेने फाटते. तसे असेल तर टिकणारी दिशा पिशवीच्या उंचीच्या रेषेत ठेवावी, कारण ओझे खाली ओढते.

इरकलीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सीमाभागातल्या मराठी घरांत ती असतेच आणि पिशवीसाठी तिचाच बळी सर्वांत आधी जातो. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या या लुगड्यात अंगाचे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात, आणि विणताना ते एकमेकांत फाशासारखे अडकवून जोडलेले असतात. तिथले विणकर या जोडणीला टोपी तेणी म्हणतात. अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमी असल्यामुळे दोघांचे आटणे, झिजणे आणि ताण सोसणे सारखे नसते. म्हणून पदर आणि अंग यांचा जोड पिशवीच्या मधोमध आडवा येईल असे कापड कधीही बेतू नये. लुगड्याचा काठ मात्र दाट धाग्यांचा आणि मजबूत असतो, तोंडाच्या पट्टीसाठी तो फार चांगला. लाल पदराचा रंग जातो की नाही हे आधी पाहावे: एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून धरला की पाच मिनिटांत उत्तर मिळते. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते, पण तयार कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही, आणि असे कापड पांढऱ्या अस्तराशेजारी लावू नये हेच बरे.

गुळेदगुड्डच्या खणांचे तुकडेही घरोघरी पडलेले असतात. ओटी भरताना मिळालेले, चोळी शिवण्याची फॅशन गेल्यामुळे तसेच राहिलेले. खण मुळातच लहान पन्ह्याचा असतो, त्यामुळे त्यातून पिशवीचे अंग निघत नाही आणि काढूही नये. बाहेरच्या खिशासाठी तो अगदी मापाचा असतो. देखण्या कापडाची जागा म्हणजे खिसा, हा माझा ठाम नियम आहे. एखाद्या फाटक्या चोळीवर किंवा लुगड्यावर कशिद्याचा धड तुकडा उरला असेल, तर त्यालाही हीच जागा द्यावी.

आता मापे. ऐसपैस पिशवी म्हणजे कितीही मोठी पिशवी असे समजले, तर तिचे पोते होते, आणि भाजीखाली गेलेली चष्म्याची डबी शोधता शोधता बस निघून जाते. माझ्या अनुभवात १६ इंच रुंद, १४ इंच उंच आणि तळाशी ६ इंच खोल ही पिशवी पुरेशी मोठी ठरते. तिच्यात जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, घडीची छत्री, एक शाल आणि परत येताना दोन किलो भाजी बसते, आणि तरीही ती खांद्याखाली नीट राहते. यासाठी एकसंध कापड २३ इंच रुंद आणि ३५ इंच लांब लागते. तळाशी जोड न देता ते तळाला दुमडायचे. हिशेब असा की तळाची खोली रुंदीतून पूर्ण वजा होते आणि उंचीतून निम्मी. म्हणून रुंदीत ६ इंच आणि प्रत्येक बाजूच्या उंचीत ३ इंच वाढवून घ्यायचे, वर शिवणीसाठी सगळीकडे अर्धा-अर्धा इंच. हा हिशेब एकदा डोक्यात बसला, की कोणत्याही मापाची पिशवी कागदावर नमुना न काढता बेतता येते.

बाजारातल्या पिशव्यांना आकार यावा म्हणून आत फोम किंवा बुकरम, म्हणजे खळ दिलेले ताठ कापड, घालतात. आमच्या पावसात दोन्ही निरुपयोगी आहेत. बुकरमची खळ दोन-चार धुण्यांत निघून जाते आणि फोम पाणी पिऊन बसतो. खानापूरकडच्या जुलैत असा फोम वाळता वाळत नाही आणि पिशवीला कुबट वास येतो. याला आपल्याच घरातला उपाय आहे तो म्हणजे वाकळ. आपल्याकडे वाकळ आणि कानडी शेजारणींच्या घरी कौदी, पण रीत एकच: जुन्या कापडांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने बांधायचे. विरलेले तीन थर असे जवळजवळ टाक्यांनी एकत्र आले की एका नव्या थरापेक्षा चिवट होतात, कारण एका थरातला कमकुवत धागा जिथे सुटतो तिथे दुसऱ्या थरातला त्याचा ताण घेतो. खानापूरला लागून असलेल्या हल्याळ तालुक्यातल्या आणि पुढे यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, समाजातल्या स्त्रिया जी कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, तिची शिवण कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे येते आणि चारही कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणांची फुले बसवलेली असतात. पिशवीच्या कापडाला हीच पद्धत लावली तर एक मोठा फायदा होतो: कडा आधी बांधल्या गेल्यामुळे थर एकमेकांवरून सरकत नाहीत आणि अस्तर लावताना कोपरे जुळतात. मात्र मधला भाग हाताने सतत चापून घ्यावा लागतो, अन्यथा जादा कापड मध्यभागी फुगून राहते.

वर खोळ, मध्ये पलंगपोसाचा कडेचा तुकडा आणि आत मऊ धुवट मांजरपाट, असे तीन थर मी घेते. धावदोऱ्याने कापड थोडे आवळते, म्हणून हे थर २५ बाय ३७ इंचांचे घ्यावेत आणि सगळे टाके झाल्यावरच नेमक्या मापाला कापावेत. हाताने टाके घालायला वेळ लागतो हे खरे, पण दुपारच्या वेळी बोलत बसल्या बसल्या होणारे हे काम आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी मशीनवर दीड-दीड इंचाच्या अंतराने सरळ रेघा मारल्या तरी चालते. पट्ट्यांच्या खोळीवर तर पट्टा हीच रेघ होते.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे खांद्याच्या पट्ट्यांचा. बहुतेक पिशव्या फाटतात त्या पट्टा जिथे तोंडाशी शिवलेला असतो तिथे, आणि जुन्या कापडाच्या पिशव्या तर हमखास तिथेच फाटतात. तोंडाशी दोन इंचांचा चौकोन शिवून त्यात फुली मारली, की काम भागले असे समजतात. परंतु तेव्हा पाच किलोंचे सगळे ओझे त्या चार लहान चौकोनांभोवतीच्या जुन्या धाग्यांवर येते, आणि शिवण टिकते पण तिच्या शेजारचे कापड फाटते. त्यापेक्षा पट्टा तोंडापासून खाली नेऊन तळाखालून दुसऱ्या बाजूला वर आणावा. मग संपूर्ण पट्टा एक अखंड वेढा होतो, ओझे त्या वेढ्यात बसते आणि पिशवीच्या कापडाने फक्त सामान आत धरून ठेवायचे उरते. दोन उभ्या पट्ट्यांमधले अंतर ७ इंच आणि खांद्यावरचा वेढा २८ इंच धरला, तर एकूण साधारण सव्वातीन मीटर पट्टा लागतो. खोळ सहा फुटांची असेल तर तिच्या दोन लांब पट्ट्यांत तो निघतो आणि दोन्ही जोड तळाखाली येतात, जिथे ते कुणाला दिसत नाहीत आणि त्यांच्यावर ताणही कमी पडतो. ५ इंच रुंदीची पट्टी चार घड्या करून सव्वा इंचाची करावी आणि तिच्यावर दोन्ही कडांना व मध्ये एक, अशा तीन शिवणी माराव्यात.

हे पट्टे कडांच्या शिवणी मारण्यापूर्वी, कापड सपाट असतानाच लावायचे असतात. त्याच वेळी खणाचा खिसा दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवून त्याच्या दोन्ही कडा पट्ट्यांखाली दाबून घ्याव्यात, म्हणजे खिशाला वेगळी शिवण लागत नाही. पट्ट्याची शिवण तोंडापासून दीड इंच खाली थांबवावी आणि तिथे आडवी दुहेरी शिवण घ्यावी. वरचा दीड इंच अस्तर जोडायला मोकळा हवा.

मशीनविषयी माझे मत ज्यांनी नवी हलकी इलेक्ट्रिक मशीन घेतली आहे त्यांना आवडणार नाही, परंतु या कामाला जुनी काळी लोखंडी पायमशीन जास्त चांगली चालते. तिची सुई सावकाश पण जोराने खाली येते आणि जाड जागी चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. सुई १६ नंबरची घ्यावी, जीनचे थर असतील तर १८ नंबरची. टाका मोठा ठेवावा, इंचाला सात-आठ. टाके बारीक म्हणजे शिवण पक्की ही समजूत ब्लाउजच्या बाबतीत ठीक आहे. जुन्या जाड कापडावर मात्र बारीक टाक्यांची रांग टपाल तिकिटांच्या कडेच्या भोकांसारखे काम करते आणि कापड तिथूनच सुटते. दोरा पॉलिएस्टरचा असावा. आजीच्या डब्यातली सुती रिळे कितीही जिव्हाळ्याची असली तरी दोन बोटांत दोरा ताणून पाहावा. तो सहज तुटला तर त्या रिळांचा उपयोग कच्च्या टाक्यांपुरताच. जिथे पट्टा, तळ आणि कडेची शिवण एकत्र येतात तिथे थर फार होतात, तिथले कापड शिवण्याआधी हातोडीने ठोकून चपटे करून घ्यावे. शिंपी हेच करतात.

कडा शिवून झाल्या की तळाचा कोपरा असा धरावा की कडेची शिवण तळाच्या दुमडीवर बरोबर मध्ये येईल आणि कापडाचा त्रिकोण होईल. टोकापासून शिवणीवर ३ इंच मोजून तिथे आडवी रेघ मारली तर तिची लांबी आपोआप ६ इंच भरते. तीच तळाची खोली. त्या रेघेवर दोनदा शिवून टोक कापून टाकावे. मी मात्र टोक न कापता आत तळाकडे दुमडून टाचते, तेवढीच तळाला जाडी येते. तळाला ताठपणा हवा असेल तर १५ बाय ५ इंचांचा पुठ्ठा न घालता जुन्या प्लॅस्टिक फाइलचे पान त्या मापाला कापून कापडी पाकिटात घालावे, म्हणजे धुताना ते बाहेर काढता येते.

अस्तराला नवे सुती कापड आणणार असाल तर ते आधी भिजवून वाळवून घ्या. बाहेरचे कापड जुने असल्यामुळे त्याचे आटणे केव्हाच संपलेले असते. नवे अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि पिशवीला आतून सुरकुत्या पाडते. या कारणासाठी मी अस्तरही जुन्याच पलंगपोसाचे घेते आणि ते फिकट रंगाचे निवडते, कारण काळोख्या अस्तरात किल्ल्या सापडत नाहीत. अस्तराची पिशवी त्याच मापाची शिवून तिच्या एका कडेला आठ इंचांची फट ठेवायची, सुलट्या बाजू समोरासमोर येतील अशी बाहेरची पिशवी तिच्यात घालायची, पट्टे आत खाली दाबून तोंड गोल शिवायचे आणि सगळे त्या फटीतून उलटवून काढायचे. वाकळेसारखे थर असल्यामुळे लहान फटीतून ती बाहेर येत नाही, हे लक्षात ठेवावे.

तोंडाला चेन लावायची तर ती तोंडाच्या कडेला थेट लावू नये, कारण मग भरलेली पिशवी बंद होत नाही. अस्तर जोडण्यापूर्वी त्याच्या वरच्या भागात १८ इंच लांबीच्या दोन पट्ट्या लावाव्यात आणि त्यांच्यामध्ये २२ इंचांची चेन बसवावी. चेनचे शेपूट एका बाजूने मोकळे राहते आणि तोंड पूर्ण उघडते. बेळगावात खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरातल्या शिवणसामानाच्या दुकानांत मीटरवर चेन आणि वेगळे रनर मिळतात. ५ नंबरची चेन घ्यावी, साडीच्या फॉलच्या दुकानातली ब्लाउजची बारीक चेन या कामाची नाही. संपूर्ण पिशवीत विकत आणलेले सामान म्हणजे ही चेन, रनर आणि दोरा, एवढेच.

पावसाळ्यात ही पिशवी वॉटरप्रूफ नसते आणि तिला तसे करण्याच्या फंदात मी पडत नाही. सुती थर भिजतात, पण वाऱ्यावर वाळतातही. धुताना तळाचे पान काढून घ्यावे, पिशवी उलटी करून तळ वर येईल अशी दोरीवर टांगावी, पट्ट्यांवर टांगू नये, कारण ओल्या थरांचे वजन बरेच होते. वर्षा-दोन वर्षांनी पट्ट्याच्या खांद्यावरच्या भागाची कड विरते. तेव्हा पट्टा उसवत बसण्याऐवजी त्या भागावर लुगड्याच्या काठाची सहा-सात इंचांची पट्टी गुंडाळून दोन्ही कडांनी टाचली की तो भाग पुन्हा चालू लागतो, आणि खांद्याला तो मूळ खोळीपेक्षा मऊही लागतो.